कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

दसऱ्याला आमच्याकडे कशाची पूजा होत नाही ते विचारा. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत त्या दिवशी लिफ्टलासुद्धा झेंडूची माळ असते. दुचाक्या, मिक्सर, पाण्याची मोटर, वरच्या मजल्यावरच्या बाईंचं शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू मिळतं. मी स्वतः टिकली लावत नाही. नवरा होता तेव्हाही लावत नव्हते, त्यामुळे तो गेल्यावर नातेवाइकांची पंचाईतच झाली. काय काढायला सांगायचं तेच त्यांना कळेना. पण दसऱ्याला माझ्या स्कूटरला मीही बोटभर कुंकू लावते. देवावर भरवसा आहे म्हणून नाही, ब्रेकवर नाही म्हणून.

पोलीस ठाण्यांतही ही पूजा होते. बंदुका, बेड्या, जीप, वायरलेस, सगळं ओळीने मांडतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. हे मला माहीत होतं, पण त्याचा माझ्या कामाशी काही संबंध येईल असं कधी वाटलं नव्हतं.

माझं काम सांगायचं तर, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला एक कार्यालय असतं आणि तिथे गणवेशात नसलेली माणसं बसतात. कोणत्या हवालदाराने कोणाला मारलं, ते माझे सहकारी बघतात. मारणं नेहमी त्याच खोलीत का होतं, ते मी बघते. एकासारख्या एक तक्रारी यायला लागल्या की त्या का येतात याचा तपास करायचा, आणि त्या थांबवायला कोणता नियम हवा ते सरकारला लिहून कळवायचं. माझा भाऊ म्हणतो, कुंपण शेत खातं हे सगळ्यांना माहीत आहे, तू फक्त ते कसं चावतं ते लिहितेस. भावाला बोलायला काय जातं! पण आमच्या घरात या नोकरीचं वर्णन एवढ्या अचूकपणे दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

त्या वर्षी माझ्याकडे कोठडीतल्या कॅमेऱ्यांचा विषय होता. प्रत्येक कोठडीत कॅमेरा बसवलेला, आणि तरी तक्रार आली की चित्रण कधी उपयोगाचं निघायचं नाही. हे असं का, ते शोधायला मी जिल्ह्यातली ठाणी पालथी घालत होते. बरोबर आमचे निवृत्त फौजदार असायचे. सगळी हयात खाकीत काढून आता आमच्याकडे करारावर आलेले. स्वतःला विभीषण म्हणवून घ्यायचे आणि प्रत्येक ठाण्यात आधी चहा कोणता मिळतो ते बघायचे.

आम्ही येणार म्हटल्यावर ठाणी रंगवलेली असत. रंगवण्याचीही एक रीत आहे, ती मला फौजदारांनी दाखवली. पाहणीला येणारा साहेब कोठडीत कधी शिरत नाही, गजांच्या बाहेरून डोकावतो. म्हणून गजांतून दिसते तेवढीच भिंत रंगवायची. एका ठिकाणी मी हौसेने आत जाऊन पाहिलं तर दाराच्या आडोशाला रंगाची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ संपली होती. "पेंटरला इथपर्यंतच सांगितलेलं असतं," फौजदार म्हणाले, "मीही तेवढंच सांगायचो."

तर अशाच एका ठाण्यात मला ते पहिल्यांदा दिसलं. ठाण्याचं नाव सांगणार नाही. ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे मॉनिटर होता. आवार, फाटक, व्हरांडा, सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि एक चौकोन लाल होता. नुसता लाल नव्हे. मध्ये काळपट दाट, कडांना पातळ होत गेलेला, आणि त्या पातळ कडेवर काहीतरी डोलत होतं. कोणीतरी मान खाली घालून पुढेमागे झुलावं तसं.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

"कुणी नाही मॅडम," तिथली महिला हवालदार म्हणाली. "ती माळ आहे."

कोठडी खरोखरच रिकामी होती. कॅमेऱ्याला दसऱ्याची झेंडूची माळ होती, वाळून काळी पडलेली, पंख्याच्या वाऱ्यावर हलत. आणि कॅमेऱ्याच्या काचेवर, बरोबर मधोमध, कुंकवाचा ठसठशीत टिळा होता. ओलं करून लावलेलं कुंकू काचेवर ओघळून पसरलं होतं. ज्याने लावलं त्याने माणसाला लावतात तसं, समोरून, कपाळ समजून लावलं होतं.

"दसऱ्यापासून असंच आहे? पुसलं का नाही?"

हवालदार माझ्याकडे वळली. तिच्या कपाळावर मोठी मरून टिकली होती. "कुंकू कसं पुसायचं मॅडम?" ती म्हणाली. "आपोआप जातं ते."

फौजदार हसले, मीही हसले. पुढे पाहत गेलो तर आणखी काही ठाण्यांत तेच. कुठे हळदीने पिवळी झालेली कोठडी, कुठे अर्धी लाल. कोणी लबाडीने केलेलं नव्हतं. कंपनीचा माणूस दुरुस्तीला येईपर्यंत काच तशीच राहायची, कारण ज्याच्या हातात फडकं तोच म्हणायचा, पूजेचं आहे, मी कशाला पुसू. माझ्या तपासाचं उत्तर इतकं साधं निघालं याचा मला आनंदच झाला होता. आनंद झाला होता, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

थंडी पडल्यावर ती आली. सुरगाण्याकडची, तिशीची असेल. काळी, शिडशिडीत, कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू. ती आणि नवरा दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास द्राक्षांच्या छाटणीला खाली यायचे, बागेतच पाल टाकून राहायचे. विहिरीवरची मोटर चोरीला गेली, बागवाल्याने संशय सांगितला आणि पोलिसांनी नवऱ्याला जीपमध्ये घालून नेलं. तेव्हापासून तो परत आलेला नव्हता. ठाण्यात विचारलं तर, संध्याकाळी सोडला. मुकादमाला विचारलं तर, पळाला गुजरातेत. सासरच्यांना विचारलं तर, तुझ्यातच खोट असेल, नाहीतर पुरुष कशाला जातो.

"लोकं म्हनतात, मला टाकून गेला," ती म्हणाली. आमच्यासाठी तिने आपली बोली आवरून धरली होती. "बाई, मारला असंल तर मारला म्हना. पन टाकून गेला का न्हाय, तेवढं सांगा."

तिला एवढंच हवं होतं. मी कामाच्या सवयीने ओळखीच्या खुणा विचारल्या. उजव्या हाताच्या अंगठ्याजवळचं बोट अर्धं, मागच्या साली छाटणीच्या कात्रीत गेलेलं. आणखी काही? ती एकदम चिडली. "तंबाखू! मळली का चुन्याचा हात भिताडाला पुसतो. चारी बोटं वढतो. मी आत्ता सारवलेलं असतं, आनि हा आत्ता पुसतो. किती सांगायचं त्याला!" तो शेजारच्या खोलीत बसला असावा असं ती बोलत होती, आणि मला हसू आलं.

ठाण्याचं नाव तिने सांगितलं तेव्हा हसू गेलं. ते लाल चौकोनाचं ठाणं होतं.

मी फोन करून बजावलं की काच आहे तशी राहू द्या, कोणी हात लावायचा नाही. "कोण लावतंय मॅडम," पलीकडून हवालदार म्हणाली. ठाण्याच्या साहेबांनी लेखी उत्तर पाठवलं की सदर इसमास कोठडीत ठेवलंच नव्हतं, बाहेर बाकावर बसवून विचारपूस केली आणि दिवेलागणीला जाऊ दिलं. व्हरांड्याच्या कॅमेऱ्याची त्या संध्याकाळी वीज गेलेली. राहिलं कोठडीचं चित्रण.

ते आम्ही आमच्या कार्यालयात बसून पाहिलं. दुपारच्या वेळी, पडदे ओढून, मी, फौजदार आणि ती. लाल. तासन्‌तास लाल. दिवस उजाडला की रंग केशरी व्हायचा, मावळला की रक्ताची गुठळी. कधी कडेला काही सरकायचं. पाय असेल, सावली असेल, माळ असेल. मधल्या दाट भागामागे कोणी हललं की सगळा लाल रंगच किंचित ढवळल्यासारखा व्हायचा. चित्रणाला आवाज नव्हता.

"ह्यो बसला," ती म्हणायची. मग बऱ्याच वेळाने, "हां, कूस बदलली." साहेबांनी त्याला सोडलं म्हणून सांगितलेल्या दिवसाच्या पुढचं चित्रण चालू होतं, तरी ती सांगतच होती. आणि हळूहळू पदराआडून त्याच्याशी बोलायलाही लागली, हलक्या आवाजात, तिच्या बोलीत. मला सगळं कळत नव्हतं. जेवलास का, एवढं कळलं.

फौजदारांनी मला बाहेर बोलावलं. "मॅडम, ती कुंकवाच्या डागाशी बोलतेय."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. पण मला माहीत नव्हतं. त्यांना सांगितलं नाही, तिने 'बसला' म्हटल्यावर मलाही तो बसलेला दिसत होता. त्या दिवसांत माझे डोळे बिघडले होते. इतकं लाल पाहिलं की नंतर पांढऱ्या भिंतीवर हिरवट चौकोन दिसतो. घरी भाकरी थापतानाही परातीत तो चौकोन असायचा आणि मध्ये काहीतरी दाट. डॉक्टरकडे गेले असते तर त्याने थेंब दिले असते. मी गेले नाही. मला भीती वाटत होती की थेंबांनी जाईल आणि मग मी त्याला तिथे एकटं सोडून आल्यासारखं होईल. शहाण्या बाईने असा विचार करू नये, पण केला.

शेवटी मी जागेची पाहणी ठरवली. तक्रारदारासमोर काच पुसायची, कोठडीतून काय दिसू शकलं असतं ते बघायचं आणि तशी नोंद करायची. बागांमध्ये द्राक्षांची काढणी सुरू झाली होती, रस्त्याला क्रेट भरलेल्या गाड्या होत्या. ठाण्याचे साहेब अदबीने पुढे आले. गजांतून दिसणारी भिंत पांढरीशुभ्र होती.

"इथे कोणी असतं तर आमच्याकडे नोंद असती," साहेब म्हणाले. "आत टाकताना आम्ही सगळं काढून घेतो. करदोडा, पट्टा, तंबाखूची पुडीसुद्धा. विचारा यांना."

"चुन्याची डबीसुद्धा," हवालदार म्हणाली.

मग काच पुसायची वेळ आली. स्टूल आणलं, ओलं फडकं आणलं. साहेबांनी त्या महिला हवालदाराकडे पाहिलं. हवालदार दोन पावलं मागे सरली. "मी नाही साहेब. माझे मिस्टर आजारी आहेत." दुसऱ्याला सांगितलं तर त्याला नेमका फोन आला. ज्या खोलीत माणसांची हाडं मोडल्याच्या तक्रारी माझ्या टेबलावर होत्या, त्या खोलीत कोणाला एका काचेवरचं कुंकू पुसवेना. फौजदारही मिशीवरून हात फिरवत उभे राहिले. हवालदार मला हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही पुसलं तर चालेल. तुम्ही लावत नाही ना."

एरवी अशा बोलण्याला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मी स्टुलाकडे वळले. माझा हात फडक्याकडे गेला आणि थांबला. पुसलं आणि पलीकडे कोणीच नसलं तर? किंवा असलं तर?

"सरा," ती सुरगाण्याची बाई म्हणाली. फडकं तिने घेतलंच नाही. पदराचं टोक ओलं केलं, स्टूल उचललं आणि कोठडीत गेली. मी मॉनिटरपाशी उभी राहिले.

लाल चौकोनात आधी काहीच बदललं नाही. मग लाल रंग गोल गोल फिरायला लागला, गुलाबी झाला आणि त्यातून एक डोळा बाहेर आला. एवढा मोठा, एवढा जवळ की मी मागे झाले. मग दुसरा डोळा, मग कपाळ, कपाळावरचं कुंकू. इतके महिने आम्ही आत बघायचा प्रयत्न करत होतो. आता आतून कोणीतरी आमच्याकडे बघत होतं. साहेब माझ्या खांद्यामागे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

ती स्टुलावरून उतरली आणि तिच्यामागचा कोपरा दिसला. दाराच्या आडोशाचा, गजांतून न दिसणारा कोपरा. कॅमेरा बसवला होता तो खास त्याच कोपऱ्यासाठी. पेंटरला सांगितलेली हद्द त्याच्या अलीकडेच संपत होती. पुढची भिंत जुनी, कळकट होती आणि त्या कळकट भिंतीवर पांढरे फराटे होते. बसलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, एकाशेजारी एक. चार बोटांचे. तीन लांब, एक आखूड.

मी धावतच आत गेले. ती तोवर कोपऱ्यात उकिडवी बसली होती. फराट्यांना तिने हात लावला नाही, फक्त बोट हवेत ठेवून एकेकावरून नेत होती. ते एका दिवसाचे नव्हते. कागदावर तो आत नव्हताच, म्हणून त्याची पुडी-डबी कोणी काढून घेतली नव्हती. तंबाखूची एक एक चिमूट मळून एका माणसाने तिथे किती वेळ काढला असेल, हे अडाण्यालाही कळावं. आणि ते वरून खाली येत होते. आधी खांद्याच्या उंचीला दाट, मग कमरेच्या, मग विरळ. शेवटचा तर फरशीपासून वीतभर वर, चुना जेमतेम लागलेला आणि आडवा ओढलेला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग कोणालाच काही न विचारता तिने फरशीवर कूस टेकली, पाय पोटाशी घेतले आणि उजवा हात लांब केला. हात बरोबर तिथे पोचला.

"हितं निजून पुसलाय," ती म्हणाली. "उठवत नसंल त्याला." मग हात तसाच ठेवून म्हणाली, "टाकून नाय गेला बाई. हितंच व्हता."

मी तिच्याशेजारी खाली बसले आणि रडले. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने रडू नये असा काही नियम नाही. असता तर तो मीच लिहिलेला असता. फौजदारांनी मला नंतर सांगितलं की त्या वेळी बाहेर मॉनिटरवर कोपऱ्यात आडवं पडलेलं एक माणूस अगदी स्वच्छ दिसत होतं. साहेब ते बघत होते आणि हवालदार तोंडावर हात धरून, "हा असाच होता, हा असाच होता," असं म्हणत राहिली. ती हे बोलली, याची फौजदारांनी त्याच जागी नोंद केली. विभीषण म्हणवून घेणाऱ्या माणसाने त्या दिवशी चहा घेतला नाही.

प्रकरण आता कोर्टात आहे. शहाण्याने त्याची पायरी चढू नये म्हणतात, पण तिला दुसरी पायरी नव्हती. माझा अहवालही गेला. त्यात कितीतरी शिफारशी होत्या: आवाजासकट चित्रण, कोठडीच्या आतून पाहणी, चित्रण ठाण्याबाहेर साठवणं. लगेच मान्य झाली ती एकच. पूजेच्या वेळी हळदकुंकू कॅमेऱ्याच्या काचेस न लावता बाजूच्या भागास लावावे. तसं परिपत्रकही निघालं. माझा भाऊ ते वाचून हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

आणि माणूस अजून सापडलेला नाही. ना जिवंत, ना दुसरा कसा.

ती छाटणीला अजूनही खाली येते. आली की आमच्या कार्यालयात डोकावते, नागलीचं पीठ आणते, चहा पिते. सासरच्यांनी आता सूर बदललाय. आधी टाकून गेला म्हणत होते, आता मेलाच म्हणतात आणि कपाळ पुसायला सांगतात. मागच्या खेपेला तिने मला हे सांगितलं तेव्हा मी बावळटासारखी तिच्या कुंकवाकडे बघत राहिले. तितकंच मोठं, तितकंच लाल.

तिला माझी नजर कळली.

"कॅमेऱ्याचं मी पुसलं, बाई," ती म्हणाली, "कारन त्याच्यामागं तो व्हता. ह्याच्यामागं कोन हाय, ते कुनी दाखवलंय का अजून? आनून दाखवा, मंग पुसते."